कन्सोलवरचा हात

मशीन उठलं, पण पुन्हा अर्ध्यावरच थांबलं. आरफाने कपाळाला हात लावला.

तळवड्याच्या त्या ऑफिसात दर रविवारी सकाळी मेनफ्रेम, म्हणजे कंपनीचा मोठा कॉम्प्युटर, बंद करून पुन्हा चालू करायचा. चालू होताना ते कन्सोलच्या पडद्यावर एकेक प्रश्न विचारतं, ऑपरेटरने एकेक उत्तर द्यायचं. इतकी वर्षं ती उत्तरं आरफाच देत आली होती. आता सिद्धेशने प्रोग्राम लिहिला होता. मशीनने विचारायचं, प्रोग्रामने उत्तर द्यायचं, माणसाने घरी झोपायचं. आज जमलं तर रविवारची ड्यूटी कायमची बंद. नाही जमलं तर ती आरफाच्याच गळ्यात, कारण दुसरी ऑपरेटर अंजली बाळंतपणाच्या रजेवर. आणि पुढच्याच रविवारी पिंपळे गुरवला आरफाच्या धाकट्या बहिणीचा, सिदराचा निकाह.

सिद्धेशचं तोंड एवढंसं झालं होतं. टेस्टच्या मशीनवर म्हणे प्रोग्राम सुतासारखा सरळ चालतो, आणि इथे आला की बैलासारखी बसकण मारतो. शिफ्ट इनचार्ज साहेबराव मात्र शांत. अजून एकदा करून बघू, म्हणाले.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. पडद्यावर पहिला प्रश्न आला आणि गेला. दुसऱ्यावर मशीन अडलं.

आरफा स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली. ते एंटरवर होतं. तिथे गेलं कधी? तिला हसू फुटलं, लाजही वाटली. पहिला प्रश्न दिसला रे दिसला की हिचं उत्तर देऊन झालेलं! प्रोग्राम बिचारा त्याच प्रश्नाची वाट बघत बसलेला, आणि तो हिने केव्हाच निकालात काढलेला; मग पुढच्यांना उत्तर देणार कोण? काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

"सिद्धेश," ती म्हणाली, "तुझा प्रोग्राम बरोबर आहे. चूक माझ्या हाताची आहे."

मग सिद्धेशने तिला हाताची घट्ट घडी घालून बसवलं. प्रश्न आला, आणि घडी कधी सुटली ते तिचं तिलाच कळलं नाही. साहेबराव पोट धरून हसले. जित्याची खोड, म्हणाले, आणि तिला सरळ खुर्चीवरून उठवून काचेच्या दाराबाहेर उभं केलं.

परत एकदा सगळं पहिल्यापासून. बाहेर आरफाचा जीव टांगणीला. प्रश्न आला आणि तसाच थांबला. या अल्लाह, दे ना रे उत्तर, ती पुटपुटली. बोटं काचेवर नुसती वळवळत होती.

आणि उत्तर आलं. कीबोर्डला कुणाचा हात नाही, तरी आलं. मग दुसरं, मग तिसरं, मग पडदा भराभर वर सरकू लागला. आत सिद्धेशने साहेबरावांना मिठीच मारली. आरफा इतकी खूश झाली की डोळे भरून आले.

तिने तिथूनच घरी फोन लावला. सिदरा भीतभीतच बोलली, आपा, रविवारचं काय झालं?

"शनिवारी मेंदीवाली येईल ना, तिला सांगून ठेव," आरफा म्हणाली. "माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भरायचे. रविवारी त्यांना काही काम नाही."