डावा फूटरेस्ट

इंजिन चेसिसमध्ये उतरलं, पण बोल्टची भोकं जुळली नाहीत.

“जुळणार नाहीतच,” मेकॅनिक म्हणाला. “एकशे पंचवीस सीसीची डर्ट बाईक आणि तिच्यात अडीचशेचं टू-स्ट्रोक इंजिन. म्हणजे धाकट्याचा सदरा थोरल्याला चढवायचा. तुमचा मित्र सरळ मोठी गाडीच का नाही घेत?”

त्याचा जावई गॅरेजच्या दाराशी उभा होता. सासऱ्याला तो मामा म्हणायचा.

“त्याला हीच चेसिस हवीय, मामा. हलकी आहे. पाय टेकतात.”

“मघाशी म्हणालात, मित्र तुमच्याएवढाच उंच आहे.”

“आहेच की.”

“मग मोठ्या गाडीवर त्याचे पाय काय लोंबकळतात?”

जावई हसला. जरा जास्तच हसला. मग त्याने रस्त्यापलीकडच्या व्हॅनकडे पाहिलं. तिसऱ्यांदा. व्हॅनच्या काचा वर होत्या आणि काचांवर ऊन होतं.

मेकॅनिकने खोक्याचा पुठ्ठा कापून माप घेतलं, त्या मापाने इंजिन धरून ठेवायच्या लोखंडी पट्ट्या कापल्या. मागच्या चाकाच्या दातेरी चक्रापासून इंजिनच्या चक्रापर्यंत दोरा ताणून चेनची रेष पाहिली. हात काम करत होते, डोकं दुसरीकडे होतं. इंजिन चोरीचं नव्हतं. नंबर त्याने सकाळीच कागदाशी ताडून पाहिला होता. जावई स्वतः रेसमध्ये गाडी उडवणार, हेही शक्य नव्हतं. हा माणूस सायकलवरूनसुद्धा उतरून वळायचा. मग लपवतोय काय?

चार पट्ट्या बसल्या. प्रत्येकीला वेल्डिंगचे दोन-दोन कच्चे टाके मारून त्याने वेल्डिंगचं बटण बंद केलं.

“आता मालकाला आणा. बसणाऱ्याला बसवून पाहिल्याशिवाय मी काही पक्कं करत नाही, हे ठाऊक आहे तुम्हाला.”

“तो बाहेरगावी आहे. माझ्याच मापाने करा ना.”

“बसा.”

जावई बसला. गुडघे हँडलला टेकले. नातवाच्या तीनचाकीवर आजोबा बसावेत, तसा तो दिसत होता. मेकॅनिकने त्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं.

“राहू द्या मग,” जावई घाईने उतरला. “हायवेवरचा मेकॅनिक करून देईल. रेस रविवारी आहे.”

“देईल की. असेच टाके मारून देईल. पहिल्या उडीला इंजिन निखळेल. वर बसलेला कुठे जाऊन पडेल, ते विचारू नका.”

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. मित्रासाठी एवढं? वेल्डिंगचा चिमटा काढायला तो डाव्या बाजूला खाली बसला, आणि हाताला काहीतरी उंचवटा लागला. त्याने अंगठ्याने चिखल पुसला.

डाव्या फूटरेस्टवर लोखंडाचा तुकडा चढवलेला होता. जवळजवळ पाऊण इंचाचा. त्याने उजवा फूटरेस्ट चाचपला. तिथे काही नव्हतं.

तो पुन्हा डावीकडे आला. तुकड्याच्या कडेची वेल्डिंग बारीक होती, एकावर एक लहान चकत्या ठेवाव्यात तशी, आणि शेवटी जराशी मागे वळवून बंद केलेली. शेवट असा मागे वळवायची सवय त्याची. ती त्याने एकाच माणसाला शिकवली होती. आणि ही वेल्डिंग त्याने केलेली नव्हती.

तो बराच वेळ अंगठा त्या कडेवर फिरवत राहिला. गाडीवरून पडून मोडलेला लेकीचा पाय जुळून आल्यावर डॉक्टर म्हणाले होते, डावा अर्धा इंच आखूड राहील.

“व्हॅनमध्ये कोण आहे?”

“कोणी नाही, मामा.”

“काच खाली करून घे म्हणावं तिला. उकडत असेल.”

जावयाने मान खाली घातली. त्याला बोलवायला जावं लागलं नाही. व्हॅनचं दार उघडलं, आधी डावा बूट खाली आला. मेकॅनिकची मुलगी रस्ता ओलांडून आली आणि उंबऱ्याशी थांबली. मुद्दाम पाहिल्याशिवाय लंगडणं कळत नव्हतं. तो मुद्दाम पाहत होता.

“पुन्हा गाडीवर बसणार नाही म्हणाली होतीस. दवाखान्यात. माझा हात धरून.”

“अजून कुठे बसलेय, बाबा?”

कोणी हसलं नाही.

“मी म्हटलं होतं हायवेवर नेऊ,” जावई हळूच म्हणाला. “ही ऐकेना. वेल्डिंग बाबांच्याच हातची हवी म्हणाली.”

मेकॅनिकने हातोडा उचलला. आठच टाके होते. आठ ठोक्यांत इंजिन जमिनीवर आलं असतं. मुलगी हातोड्याकडे पाहत होती, पण पुढे झाली नाही.

त्याने हातोडा टेबलावर ठेवला.

“बस,” तो म्हणाला.

ती बसली. दोन्ही बूट जमिनीला पुरते टेकले. त्याने तिचा डावा पाय उचलून फूटरेस्टवर ठेवला, टाचेखाली मोजपट्टी धरली, मग गुडघ्याशी धरली.

“पाव इंच जास्त झालंय. माप कुणी घेतलं?”

“मीच.”

“एकटीने?”

“एकटीने.”

“स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नसतं.” त्याने खडूने खूण केली. “एवढं घासावं लागेल. उतर आता. पट्ट्या पक्क्या करून घेतो.”

ती उतरली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. लहानपणी त्याचं काम बघत जिथे उभी राहायची, तिथेच. त्याने हातमोजे चढवले, बटण दाबलं, मुखवटा अर्धा खाली आणला.

“डोळे मीट.”

तिने मिटले. जावयानेही मिटले.

मुखवटा खाली आला. ठिणगी पडायला वेळ लागला, पण पडली; वेल्डिंगचा शेवट नेहमीसारखा मागे वळला.