चिंचेखालचा टोल

शाळेत घंटा म्हणून चिंचेला रेल्वेरुळाचा तुकडा टांगलाय. टोल पडला की माझी स्वमग्न लेक हर्षाली कान दाबून बाकाखाली शिरते. “हिला नाशिकच्या वेगळ्या शाळेत घाला,” हेडमास्तर म्हणाले. “एकीसाठी घंटा बंद ठेवू का?” “बंद नको, सर,” मी म्हणाले. “अचानक वाजली की घाबरते. तिलाच वाजवू द्या, म्हणजे कधी वाजणार ते कळेल. तिच्या पद्धतीनं शिकवलं की शिकते ती.” शाळा सुटताना सरांनी तिला झाडाखाली नेऊन लोखंडी दांडा दिला. एका हातात दांडा धरून तिनं दुसऱ्या हातानं एक कान झाकला. दुसरा उघडाच राहिला. ती अडली. सगळी शाळा दप्तरं घेऊन ताटकळली. मी पुढे होणार, तोच सरांनी वाकून उघड्या कानावर तळहात ठेवला. टोल पडला. दचकले ते सरच.