आज डावीकडे

"डोळे मिटा, काकू. टाचेला बोटं टेकवत दहा पावलं."

फरशीवर निळी चिकटपट्टी. फिजिओथेरपिस्ट लेकीच्या वयाची, ती मागे. उजवीकडे भिंत, नवरा डावीकडे, हात अर्धे पसरून.

एक.

तीन महिन्यांपूर्वी ती जिन्यावरून पडली, डोक्याला मुका मार बसला. तेव्हापासून तिला गरगरतं, तोल जातो, आणि तो तिला धरून आहे. न्हाणीघरापर्यंत, गच्चीपर्यंत, इथवर. पडली त्याच्या आदल्या दिवशी त्याने सांगितलं होतं, "मी खोली बघितलीये. एक तारखेपासून वेगळा राहीन." एक तारीख तीनदा येऊन गेली.

दोन. तीन.

"वा! काका, पार्टी द्या. आता काकूंना तुमची गरज नाही."

"हो ना," तो म्हणाला. आवाजात आनंद होता. खराखुरा.

चार.

मेले पाय! शहाण्या पोरांसारखे एकामागे एक पडत होते.

पाच.

डोक्यात एक गिरकी नाही. जमीन दगडासारखी.

सहाव्याला ती कोसळली. त्याने झेललं. "आहे मी," तो सवयीने म्हणाला. ती त्याच्या खांद्याशी राहिली, लागत होता त्याहून एक श्वास जास्त.

"अरेच्चा!" फिजिओथेरपिस्ट वही चाळत म्हणाली. "तीन महिने उजवीकडे तोल जायचा, आज डावीकडे? काकू, पार्टी बदलली की काय?"

तिची तीच हसली.

त्याच्या हातांना आधी कळलं. बोटं सैल झाली, मग तळवे. रचलेल्या बशांवरून काढावेत तसे त्याने हात काढून घेतले. ती उभीच होती.

"अजून गरगरतंय थोडं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

निघताना तो रोज खाली बसून तिच्या सँडलचे पट्टे लावायचा, कारण वाकलं की तिला घेरी यायची. आज त्याने सँडल तिच्यापुढे जोडीने ठेवले आणि दाराबाहेर जाऊन थांबला.

ती वाकली. मुद्दाम, झटक्यात, डोकं पार खाली घालून. एक पट्टा लावला. दुसरा लावला. तशीच ताडकन उठली आणि घेरीची वाट बघत राहिली.

खोली जागची हलली नाही.