तासलेला डोंगर

स्क्रीनवर डोंगरापलीकडचा वारा लालभडक, म्हणजे धोक्याचा दिसला आणि विशाखाच्या हातातला चहा टेबलावर सांडला.

डोंगर तोच, पिशोरच्या पलीकडचा. गेल्याच आठवड्यात तिनं त्याच्यावरून कॉम्प्युटरवर वारा वाहवून बघितला होता आणि ‘काम करायला हरकत नाही’ असं लिहून दिलं होतं. तेव्हा कडा आहे तसा उभा भरला की कॉम्प्युटरमधलं वाऱ्याचं मॉडेल बंद पडायचं. म्हणून तिनं स्क्रीनवरच माथा थोडा तासला, कडा उतरता केला. या धंद्यात सगळेच तासतात, डोंगर काय तक्रार घेऊन येतोय? आज सहज म्हणून तिनं नव्या सॉफ्टवेअरमध्ये खरा कडा भरला, तर मॉडेल मुकाट चाललं. दुपारी सुटणारा वारा त्या कड्यावरून घसरून पलीकडच्या उतारावर असा आपटत होता की बघवेना.

त्याच उतारावर पवनचक्की होती. आणि तिच्या टपावर, उघड्यावर, आत्ता या घडीला विशाखाचा धाकटा भाऊ सम्यक काम करत होता. सोबत त्याचा कामातला जोडीदार गोकुळ.

फोन लावताना बोट भलत्याच नावावर पडलं. परत लावला.

“बोल ताई,” सम्यक म्हणाला. “वरच हाय मी. पान हलंना इथं. तू लिहून दिलं तसंच.”

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि शेजारच्या टेबलावरून राजेंद्र सरांनी मान वर केली. त्या रिपोर्टखाली सरांचीही सही होती.

“सम्या, आई पडली,” विशाखा म्हणाली. “आत्ताच्या आत्ता खाली ये.”

“पडली? कुठं? लई लागलं का?”

“आधी उतर! उतरलास की फोन कर.”

ऑफिसखाली उस्मानपुऱ्याच्या रस्त्यावर दोन रिक्षावाले भांडत होते. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. दोघंही उतरतील, ती स्वतःला समजावत होती. एकटं कोण थांबतंय वर? शिडी उतरायला किती वेळ लागतो, हे तिनं सम्यकला कधी विचारलंच नव्हतं.

अखेर फोन वाजला.

“उतरलो बघ,” सम्यकला धाप लागली होती. “गाडी काढतो लगेच. आई शुद्धीवर हाय ना?”

विशाखाला रडूच फुटलं. “गोकुळ कुठंय?”

“वर. म्हणला, तू जा, आईचं बघ, राहिलेलं मी उरकतो. लई जीव लावतो गं तो.”

सर बघतायत की नाही, याचं तिला आता भान राहिलं नाही.

“त्याला खाली बोलाव! आईला काही झालेलं नाही. माझा रिपोर्ट चुकलाय. वारा येतोय, सम्या, लवकर फोन कर त्याला!”

पलीकडून सम्यकचा आवाज आला.

“कशावर करू? वर आम्ही दोघांत एकच फोन नेतो, ताई. तो माझ्या हातात हाय.”

आणि फोन तसाच चालू ठेवून तो वर बघत ओरडायला लागला.

“गोकुळ! ए गोकुळ!”

तिसरी हाक विशाखाला ऐकू आली नाही. फोनात नुसता वारा भरला होता.