दाराखालचा उजेड

“नंबर तुमचा द्या, तिचा नको. ते लोक फोन करून खात्री करतात,” ललिताताई म्हणाल्या होत्या. त्या तनुजाच्या मुलीच्या, अपेक्षाच्या कर्णबधिर शाळेत शिकवतात.

तनुजाला हसू आलं होतं. “अहो, कर्णबधिरांचीच शिष्यवृत्ती ना? ते कशाला फोन करतील?” आणि वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या प्रियदर्शनीचा अर्ज भरताना तिने प्रियदर्शनीचाच नंबर घातला.

शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयातले गृहस्थ शांतपणे म्हणाले, “तीनदा फोन केला. उचलला नाही.”

“तिला ऐकू येत नाही.”

“माहीत आहे, मॅडम. येत असतं तर आम्ही अर्जच घेतला नसता.”

“तिने उलट मेसेज पाठवला होता. ‘कृपया लिहून कळवा’ म्हणून.”

“हा लँडलाइन आहे.” त्यांनी टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. “उत्तर नाही म्हटल्यावर पुढच्या नावाला दिली. आता पुढच्या वर्षी बघू.”

प्रियदर्शनी त्यांच्या ओठांकडे बघत होती. तनुजाने खुणेने सांगायला हात उचलले, तर तिने ते हलकेच खाली केले. कळलं होतं.

एम. कॉम.चं दुसरं वर्ष होतं. फी आणि खोलीभाडं दोन्ही त्या शिष्यवृत्तीवर होतं. ती यवतमाळला परत गेली.

खोलीची बेल मात्र तशीच आहे. प्रियदर्शनीने बसवून घेतलेली, बटण दाबलं की आत दिवा लागतो. चार वर्षांची अपेक्षा रोज संध्याकाळी जिना चढून जाते, टाचा उंचावून बटण दाबते. दाराखालच्या फटीतून उजेड येतो. मग ती फ्रॉक नीट करते आणि थांबते. या दारामागे कुणीतरी तिच्याशी खुणांनी भराभर बोलायचं. आईला अजून एकेक खूण आठवून करावी लागते.

कालही ती आईकडे वळली. गालावर बोट टेकवलं. ही प्रियदर्शनीची खूण, तिला खळी पडते म्हणून. मग दोन्ही तळवे उघडले. कुठे?

यवतमाळची खूण तनुजाला येत नाही.

तुमचं कुणी यवतमाळला असेल, तर बघून यायला सांगाल का? बसस्टँडमागे वडिलांचं शिलाईचं दुकान आहे, तिथे काजं-बटणं करत बसते म्हणे. पुस्तकं जवळ आहेत का, तेवढं बघा. समोर जाऊन उभे राहा, हात हलवा.

फोन करू नका.