दहा दगड

भैरवगढच्या घरामागचा उतार शिप्रा नदीकडे जात होता. तिथेच यशोधनला घर बांधायचं होतं.

"उतारावरची माती गुपचूप खाली सरकत असते. आधी तीन पावसाळे बघू," त्याचे वडील कमलाकर सर म्हणाले. ते भूगोल शिकवून रिटायर झालेले. १९९१च्या उन्हाळ्यात त्यांनी उतारावर आडव्या, सरळ रांगेत दहा दगड मांडले आणि दोन्ही टोकांना लोखंडी खांब पक्के रोवले. दर दसऱ्याला ते खांबांना दोरी ताणून बघत. तीन वर्षांत एकही दगड बोटभरसुद्धा हलला नाही.

"एकदम पक्की जमीन आहे. बांध," सरांनी सांगितलं.

पुढच्या दसऱ्याला भूमिपूजन ठरलं. पूजेचं ताट घेऊन येताना यशोधनच्या आई उषाताई दगडांपाशी थबकल्या. त्यांनी ताट नवऱ्याच्या हाती दिलं, पदर खोचला आणि खालचा एक दगड उचलून वर आणला.

"मेले दर पावसाळ्यात खाली उतरतात. दसऱ्याच्या सफाईत मी रांगेत आणून ठेवते हो, यंदा गडबडीत राहूनच गेलं बघा."