सासूबाई म्हणतात

सासूबाईंच्या तोंडाच्या पट्ट्यावर सुनेने चक्क ब्लॉग काढला, 'सासूबाई म्हणतात', आणि तो असा काही चालला की जाहिरातींच्या पैशांत घराचं लाईटबिल भागू लागलं. सासूबाई गेल्या, तरी ही वरकमाई काही तिला सोडवेना. मग ती मनानेच टोमणे रचू लागली, "डबा एकीकडे, झाकण दुसरीकडे, आणि बाईसाहेब फोनमध्ये!" वाचकांना पत्ताच लागला नाही. 'जुना वाचक' नावाचा एकजण तर प्रत्येक पोस्टखाली विचारायचा, "आज त्यांचा गुडघा कसा आहे?" तीही बिनधास्त ठोकून द्यायची, "आज बरा आहे."

पुढे पुढे मात्र रिकाम्या स्वयंपाकघरात तिला तेच रचलेले टोमणे खरोखर ऐकू यायला लागले, अगदी पाठीमागून, सासूबाईंच्याच आवाजात. शेवटी एका सकाळी तिने मन घट्ट केलं आणि अख्खा ब्लॉग पुसून टाकला.



दुपारी सासरे हातात फोन घेऊन तिच्या दाराशी आले. "सूनबाई, हे उघडतच नाहीये गं. आज तिचा गुडघा कसा आहे, ते विचारायचं राहिलं."